अनारसा कुणाचा?

मैत्रिणींनो, दिवाळीत फराळाची ताटं एकमेकींकडे पाठवायची पद्धत तुमच्याकडेही असेलच. गेल्या वर्षी अशाच एका ताटापायी माझी चांगलीच फजिती झाली. फजिती कसली, चूकच म्हणायला हवी, आणि तीही माझीच.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात बिहारमधल्या गयेचं एक कुटुंब राहायला आलंय. भाभी स्वभावाने अबोल, पण कामाला वाघ. पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी त्या रुमाल झाकलेली ताटली घेऊन आल्या. रुमाल काढून बघते तर काय, तीळ लावलेले गोल गरगरीत अनारसे! "ही आमच्या गयेची खास मिठाई, अनरसा," त्या हिंदीत मोठ्या कौतुकाने म्हणाल्या.

झालं! माझ्यातली शिक्षिका जागी झाली. रोज शाळेत दोन-तीन तास शिकवते ना, चुका सुधारायची सवय जात नाही. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्यांना ऐकवलं की, हा तर आमचा महाराष्ट्रातला पदार्थ. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि त्याला तीळ नव्हे, खसखस लावतात. भाभींचा चेहरा एवढासा झाला. "अच्छा" एवढंच म्हणून त्या परत गेल्या.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं, दारी आलेल्या अन्नाला कधी नावं ठेवू नयेत. परक्या गावात पहिली दिवाळी तिची. किती हौसेनं केलं असेल!" मी गुपचूप एक अनारसा तोंडात टाकला. आत खव्याचं सारण होतं. इतका खुसखुशीत, की घशाखाली उतरताना मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून समोरचं दार लोटलेलंच दिसू लागलं.

मनाला रुखरुख लागून राहिली. शाळेत मधल्या सुट्टीत हा विषय काढला, तर आमच्या तेलुगू बाई म्हणाल्या, "अनारसा? म्हणजे आमचे अरिसेलुच की!" आंध्रात संक्रांतीला ते हवेतच. तांदळाचं ओलं पीठ गुळाच्या पाकात घालायचं, थापून तळायचं आणि दोन झाऱ्यांमध्ये दाबून तेल काढून टाकायचं. यांच्या कचेरीतल्या तमिळ मित्राच्या घरी दिवाळीला अधिरसम करतात. त्यात सुंठ-वेलची असते. कर्नाटकात त्याचं नाव कज्जाय, आणि ओडिशात अरिसा पिठा. म्हणजे बघा, तांदूळ, गूळ आणि कढई. निम्म्या देशात हा पदार्थ नांदतोय आणि मी मात्र त्यावर एकटीने हक्क सांगून बसले होते!

मग मला नादच लागला. आपल्या लग्नाच्या पंगतीतली जिलबी घ्या. मठ्ठा आणि जिलबी म्हणजे अगदी अस्सल मराठी बेत, हो ना? पण जिलबीचं नाव मूळचं अरबी 'जलाबिया'वरून आलेलं. इराणातही ती 'झुलबिया' म्हणून खातात. आपल्याकडे 1450 च्या सुमाराच्या 'प्रियंकरनृपकथा' या जैन ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. जिलबीच्या या इतिहासावर लिहिलं कुणी? पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी! एवढ्या मोठ्या विद्वानाने जिलबीसाठी जुन्या पोथ्या चाळल्या, हे वाचून मला फार बरं वाटलं. बर्फीचंही तसंच. फारसीत 'बर्फ' म्हणजे हिम. गुलाबजामातला 'गुलाब'ही फारसीच, आणि 'जाम' म्हणजे आपलं साधं जांभूळ.

धारवाडचा पेढा तर ऐकाच. एकोणिसाव्या शतकात प्लेगच्या साथीमुळे उत्तरेतल्या उन्नावचं एक ठाकूर कुटुंब धारवाडला आलं, असं सांगतात. पोटापाण्यासाठी त्यांनी तिथल्या म्हशींच्या दुधाचे पेढे करायला घेतले, ते चांगले खरपूस भाजून. आज कुणी त्याला उन्नावचा पेढा म्हणतं का? तो धारवाडचाच झाला, इतका की त्याला त्या गावाच्या नावाने भौगोलिक मानांकनही मिळालं.

रसगुल्ल्यावरून मात्र बंगाल आणि ओडिशा यांची चांगलीच जुंपली होती. बंगाली म्हणायचे, कलकत्त्याच्या बागबाजारात नबीनचंद्र दास यांनी 1868 साली तो केला. ओडिशावाले म्हणायचे, आमच्या जगन्नाथपुरीत लक्ष्मीदेवीला त्याचा नैवेद्य दाखवतात. अखेर 2017 साली 'बांगलार रसगोल्ला'ला मानांकन मिळालं आणि 2019 साली 'ओडिशा रसगोला'लाही. दोन जावांच्या भांडणात सासूने दोघींनाही सारख्याच बांगड्या द्याव्यात, तसं झालं!

हे सगळं कळल्यावर भाभींना नुसतं 'चुकलं माझं' म्हणणं मला पुरेसं वाटेना. आणि त्यांची ताटली अजून माझ्याकडेच होती. ती रिकामी कशी द्यायची? तुळशीच्या लग्नाच्या बेताने मी तांदूळ भिजत घातले. पण पहिलाच अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. सगळा विरघळून कढईभर पसरला! अनारसा हसला की करणारीला रडू येतं, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. क्षणभर विचार केला, गॅस बंद केला आणि समोरचं दार वाजवलं. "भाभी, माझा अनरसा बिघडलाय. तुम्ही जरा येता का?"

त्या आल्या. पिठात बोट घालून पाहिलं, गूळ जास्त झालाय म्हणाल्या, आणि मूठभर तांदळाची पिठी मिसळून गोळा मळला. मग निम्मे अनारसे खसखशीवर थापले, निम्मे तिळावर. माझे अनारसे हसायचे थांबले, आणि भाभी मात्र पहिल्यांदाच मनमोकळ्या हसल्या. आता समोरचं दार उघडंच असतं.

यंदा तुम्हांला अनारसे करायचे असतील तर एवढं ध्यानात ठेवा :

तांदूळ जुना घ्यावा. तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावं. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरावा. हाताला दमट लागेल इतपतच सुकवावा आणि दळून बारीक चाळून घ्यावा. जेवढं पीठ तेवढाच किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून घट्ट गोळे करावेत व डब्यात पाच-सहा दिवस ठेवावेत. तळताना खसखशीची बाजू वर ठेवावी, अनारसा उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवावं. आच मंदच हवी. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवले की तूप निथळतं. अनारसा हसला तर थोडी तांदळाची पिठी मिसळावी. पीठ कोरडं पडून अनारसा थापता येईना तर चमचाभर कुस्करलेलं केळं.

आणि शेजारणीकडून ताट आलं, तर तो पदार्थ कुणाचा हे विचारण्याआधी एक घास खाऊन बघावा!