नवजात बालकाच्या फुप्फुसातील रक्ताची गुठळी

निपाणी असो वा बेळगाव, प्रसूतिगृहात नुकत्याच जन्मलेल्या बालकाला धाप लागली, ओठ निळे पडले आणि प्राणवायू देऊनही निळेपणा ओसरला नाही, तर जन्मजात हृदयविकार किंवा जंतुदोष यांची शंका प्रथम येते, व ती योग्यच होय. परंतु एक विरळ कारण विसरून चालत नाही. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली, म्हणजे फुप्फुसात हवा असूनही तिच्याशी भेटण्यास रक्तच पोचत नाही.

अशी गुठळी होण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे औषधासाठी मोठ्या नीलेत घातलेली बारीक नळी. जी नळी बालकाला जगविते, तिच्याच टोकाशी कधी रक्त साकळते. जंतुदोष, अंगातील पाणी आटणे, रक्त प्रमाणाबाहेर दाट असणे आणि मातेचा मधुमेह हीही कारणे आहेत.

मोठ्या माणसांत उपयोगी पडणारी डी-डायमर ही रक्ततपासणी येथे भरवशाची नाही. कारण निरोगी नवजाताच्या रक्तातही तिचे प्रमाण अधिक असते. म्हणून ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढतात. ही इको तपासणी खाटेपाशीच होते व हृदयविकार आणि गुठळी यांतील भेद बहुधा दाखविते. आतील शाखांसाठी शिरेत रंगद्रव्य सोडून सी. टी. तपासणी करावी लागते.

उपचारातील मुख्य औषध हेपारिन. त्याचा शोध १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून लागला. रक्तातील अँटिथ्रॉम्बिन या द्रव्याच्या साहाय्याने ते कार्य करते आणि नवजातात हे द्रव्य प्रौढाच्या सुमारे निम्मेच असते. त्यामुळे एनॉक्सापॅरिन हा हेपारिनचा प्रकार प्रौढाला दर किलो वजनास १ मिलिग्रॅम पुरतो, तेथे दोन महिन्यांखालील बालकास दर बारा तासांनी दीड मिलिग्रॅमपासून आरंभ करतात व रक्त तपासून मात्रा ठरवितात. उलट बाजूस, अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते. म्हणून गुठळी विरघळविणारे औषध किंवा शस्त्रक्रिया प्राणसंकटातच योजतात.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० व बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे. अशा वेळी जवळचे गाव कोणते वा राज्य कोणते, हा प्रश्न गौण ठरतो. नवजात-विभागात जागा आणि इको करणारा वैद्य कोठे सिद्ध आहे, हे दूरध्वनीवर विचारूनच बालकास उबेत, प्राणवायूसह हलविणे हिताचे. कोणती नळी केव्हा घातली, याची चिठ्ठी सोबत दिल्यास पुढच्या वैद्याच्या मनात गुठळीची शंका वेळीच येते. आणि ती आल्याखेरीज निदानाची वाट उघडत नाही.