गंजाचा ताळेबंद

निमगाव केतकी हे पानमळ्यांचे गाव. तुकोबारायांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे. अशा गावातला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, खाऱ्या पाण्यात पोलाद कसे गंजते यावर प्रकल्प करतो म्हटल्यावर पारावर थट्टा झाली. ‘उसाला पाणी द्यायचं सोडून हा लोखंडाला मीठ चारतोय!’ मला मात्र कुतूहल वाटले. बँकेच्या नोकरीत काही वर्षे कोकणात काढली, मच्छीमार नौकांना कर्जे दिली. खारी हवा तारण कसे खाते, हे तिथे पाहिले होते.

प्रयोग दिसायला साधा. लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ घातले की साधारण समुद्राइतका खारटपणा येतो. पोलादाचे सारख्या मापाचे तुकडे घासून, तोलून घ्यायचे. काही बुडवून ठेवायचे, काही ओले-कोरडे करीत राहायचे, काही रंगवायचे, काहींना जस्त जोडायचे. काही आठवड्यांनी पुन्हा तोलायचे. सतत बुडालेल्यापेक्षा ओला-कोरडा होणारा तुकडा जास्त झिजतो, कारण त्याला मिठाबरोबर प्राणवायूही भरपूर मिळतो. जस्त जोडलेला तुकडा वाचतो. त्याच्याऐवजी जस्त झिजते. हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी हीच युक्ती सुचवली होती. आजही पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात.

माझ्यातल्या बँकवाल्याला एक गोष्ट फार भावली. गंज न काढताच तुकडा तोलला, तर वजन घटण्याऐवजी वाढलेले दिसू शकते! लोखंडाने प्राणवायू घेतलेला असतो. फुगवलेला ताळेबंद असाच असतो. आत भांडवल संपत असते आणि वर आकडा वाढत असतो.

आणि हा पोरखेळ नव्हे. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो पडला. कारणे अनेक सांगितली गेली. पण नटबोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम खात्याचे पत्र त्याच महिन्याच्या 20 तारखेचे होते.

गंजाला घाई चालत नाही. म्हणूनच शेवटच्या आठवड्यात जुनी वही उतरवून प्रकल्प उरकण्याचा मोह मोठा असतो. आमच्या गावच्या मुलाचा एक रंगवलेला तुकडा कोपऱ्यातून रंगाखाली गंजत गेला. अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून तो वगळ, असे मित्रांनी सुचवले. त्याने तो वगळला नाही, वजनासकट नोंदवला. उद्या हा मुलगा कुठल्या पुलाच्या कागदावर सही करील, ठाऊक नाही. मी नोकरीत असतो, तर त्या सहीवर कर्ज मंजूर केले असते.