झाकण उघडण्याआधीची ओळ

'मॅन्युअल वाचतं कोण?' लग्नाकार्यात ओळख झाली की हा प्रश्न मला हमखास येतो. गेली बावीस वर्षं मी पुण्यात टेक्निकल रायटर म्हणून काम करते. आधी सॉफ्टवेअरची यूजर गाइड्स लिहिली, नंतर यंत्रांच्या पुस्तिका. अनुभवावरून सांगते, मॅन्युअल अडलेला माणूस वाचतो. रात्रपाळीत मशीन बंद पडलंय, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे, अशा वेळी तो पान उघडतो. प्रस्तावना त्याला नको असते. हवी ती ओळ शोधायची, तिच्याप्रमाणे करायचं, मग पुढची ओळ बघायची.

हे मला शिकवलं भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या काकांनी. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हची पुस्तिका मी लिहिली होती. इंजिनिअरांनी तपासली होती, छापूनही झाली होती. ती प्रत्यक्ष कशी वापरतात ते पाहायला मी गेले. काकांनी पुस्तिका बाकावर उघडी ठेवली. पायरी एक, मेन स्विच बंद करा. केला. पायरी दोन, चार स्क्रू काढून झाकण उघडा. त्यांनी उघडलं. आतल्या कार्डावरचा तांबडा दिवा अजून जळत होता.

"काका, हात लावू नका!" मी ओरडले.

415 व्होल्टवर चालणाऱ्या अशा ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये जवळपास 580 व्होल्ट साठलेले असतात. स्विच बंद केल्यावर ते उतरायला काही मिनिटं लागतात. 'दहा मिनिटे थांबावे' ही सूचना मी लिहिली होती, पण दुसऱ्या पायरीच्या खाली, टीप म्हणून. काकांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "मॅडम, हे वर लिहायचं ना. खाली पोचेपर्यंत माझा हात आत गेलेला असतो."

माहिती बरोबर होती, व्याकरण बरोबर होतं, आणि तरी पुस्तिका चूक होती. त्या दिवसापासून मी एकही पुस्तिका टेबलावर बसून पूर्ण केलेली नाही. यंत्र समोर ठेवायचं, लिहिलंय तेवढंच करायचं, मनातलं काहीही जोडायचं नाही. पायरी कुठे गाळली आहे ते हातालाच कळतं. ज्या इंजिनिअरने यंत्र घडवलं त्याला ते दिसत नाही, कारण त्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

सॉफ्टवेअरमध्ये हे जरा सोपं जातं. रिलीजच्या आदल्या रात्री डेव्हलपरने बटण हलवलं, तर आपण ऑनलाइन पान बदलतो. खोक्यात गेलेला कागद मात्र परत येत नाही.

पण सॉफ्टवेअरच्या शब्दांनाही जिवाचं मोल असू शकतं. थेरॅक-25 या रेडिएशन देणाऱ्या यंत्रामुळे 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा मिळाली. त्यातले काही दगावले. मूळ दोष यंत्राच्या रचनेत आणि प्रोग्रॅममध्ये होता. पण 1986 साली टेक्सासमध्ये ऑपरेटरच्या पडद्यावर 'मालफंक्शन 54' एवढंच उमटलं आणि त्याचा अर्थ ऑपरेटरच्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश रोजचेच होते, म्हणून 'पुढे चालू'ची कळ दाबली गेली. नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते. एरर कोडची यादी लिहायला कंटाळवाणी असते, ती शेवटी उरकली जाते. मी ती आधी लिहायला लावते: काय झालं, का झालं, आता काय करायचं.

विमान देखभालीच्या पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाचं मर्यादित इंग्रजी ठरवलेलं आहे. त्यात सूचनेचं वाक्य वीस शब्दांच्या पुढे जात नाही आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ असतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मेकॅनिकचाही गोंधळ होऊ नये, म्हणून ही शिस्त. मराठीत अशी शिस्त मला दिसत नाही, याचं वाईट वाटतं. इंग्रजीत डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन यांच्यात ठरलेला फरक आहे: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, होऊ शकते, आणि किरकोळ इजा होऊ शकते. एका मराठी अनुवादात तिन्ही ठिकाणी 'सावधान' छापलेलं मी पाहिलंय. भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर जो मराठीतच विचार करतो, त्याने यातून काय ओळखायचं?

त्या ड्राइव्हच्या पुढच्या आवृत्तीत 'दहा मिनिटे थांबा, तांबडा दिवा विझल्याची खात्री करा' ही दुसरी पायरी झाली आणि झाकण तिसऱ्या पायरीवर गेलं. हा बदल काकांमुळे झाला. तुमच्या घरातल्या वा कारखान्यातल्या पुस्तिकेत एखादी ओळ चुकीची, अपुरी किंवा उशिरा आलेली वाटली, तर कंपनीच्या पत्त्यावर पान क्रमांकासह जरूर कळवा. आम्हाला ते हवं असतं.