थकवा अंगावर काढण्याआधी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात 1891 साली डॉ. जॉर्ज मरे यांनी 46 वर्षांच्या एका बाईवर वेगळाच उपचार सुरू केला. तिचा चेहरा आणि हात सुजले होते, बोलणं संथ झालं होतं, थंडी सोसवत नव्हती. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क तिला टोचला. काही महिन्यांत सूज ओसरली आणि बोलण्यात पूर्वीची चपळाई आली. पुढे तोच अर्क तोंडावाटे घेत ती 28 वर्षं जगली. 1919 मध्ये ती वारली, तेव्हा 74 वर्षांची होती.

आज त्या अर्कातलं थायरॉईड हार्मोन स्वस्त गोळीच्या रूपात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. तरीही आजार ओळखला जात नाही, ही खरी अडचण आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार जवळपास 11 टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी कमी काम करत होती. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश जणांना तोवर याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागणार तरी कसा? थकवा, वाढतं वजन, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, गळणारे केस, पाळीत जास्त रक्तस्राव, उदास मन. यातलं प्रत्येक लक्षण ‘कामाचा ताण’ किंवा ‘वयाप्रमाणे होतंच’ म्हणून सोडून देता येतं, आणि घरातली बाई तर हमखास सोडून देते. हा आजार बायकांमध्येच जास्त आढळतो. अशी दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली आणि आठवडेच्या आठवडे टिकली, तर टीएसएचची रक्ततपासणी करून घ्यावी. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मंदावली की पियूषिकेचा तगादा वाढतो, म्हणून अहवालात टीएसएचचा आकडा चढलेला दिसतो.

याउलट थायरॉईड जास्त काम करू लागली, तर खाणं नीट असूनही वजन उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात, उकाडा सहन होत नाही. तेव्हा टीएसएच सहसा खूप खाली गेलेला असतो.

एके काळी भारतात थायरॉईडचा प्रश्न म्हणजे प्रामुख्याने आयोडीनची कमतरता होती. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं. तिथे गलगंडाचं प्रमाण घटलं आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज शहरांत मात्र बऱ्याचदा कारण निराळं असतं: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये या विकाराचं वर्णन केलं. मिठाने तो बरा होत नाही. तरी रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच हवं. उपवासाचं सैंधव बारमाही वापरणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं.

गोळी सुरू झाल्यावर खरी परीक्षा सकाळच्या चहाची. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोहोंमध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध आतड्यात नीट शोषलं जात नाही. केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन तपासणीचे आकडे चुकवू शकतं. ते चालू असल्यास डॉक्टरांना सांगावं आणि त्यांच्या सल्ल्याने तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवावं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहतात. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये.

तरुण मुलींमध्ये पीसीओएस हा हार्मोनचा दुसरा विकारही तितक्याच सहजपणे दुर्लक्षिला जातो. बहुतेक जण त्याला पीसीओडी म्हणतात. पाळी 35 दिवसांहून लांबणं, हनुवटीवर राठ केस, न हटणारे मुरूम, मानेवर काळपट जाडसर त्वचा ही त्याची चिन्हं. मानेचा तो काळेपणा घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते, म्हणून रक्तातली साखरही तपासायला हवी. वजन जास्त असेल, तर पाच टक्के घटल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. 80 किलोच्या मुलीसाठी हे फक्त चार किलो आहेत. रोजचं भरभर चालणं, पुरेशी झोप आणि ताटात भाताच्या जोडीला डाळ, उसळ, भाजी यांचा वाटा वाढवणं, एवढ्यावर सुरुवात करता येते. ‘हार्मोन संतुलित करणारी’ महागडी चूर्णं त्यासाठी लागत नाहीत.

गरोदरपणात मात्र थायरॉईडच्या बाबतीत दिरंगाई परवडत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ थायरॉईड हार्मोनसाठी आईवरच अवलंबून असतं. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस गेल्याचं कळताच ती चालू ठेवून डॉक्टरांना गाठावं. डोस बहुधा वाढवावा लागतो. जन्मानंतर बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून त्याची थायरॉईड तपासता येते. दोष आढळून पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बुद्धीची वाढ खुंटण्याचा धोका सहसा टळतो. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, म्हणून प्रसूतीसाठी नाव नोंदवतानाच तिची चौकशी करावी.