खापरखवल्या

लासूर स्टेशनच्या परिसरात भुसभुशीत जमीन नांगरताना कधी कधी ढेकळाखालून एक जाडसर, बोथट शेपटीचा साप बाहेर पडतो. तो मांडूळ होय. दोन्ही टोके सारखीच दिसत असल्यामुळे लोक त्यास दुतोंड्या म्हणतात. मातीत राहणारा साप म्हटला, की मराठवाड्यातील माणसाला तोच आठवतो. परंतु सह्याद्रीच्या ओलसर अरण्यात मातीशी याहून अधिक एकरूप झालेला एक साप आहे. त्याचे नाव खापरखवल्या.

खापरखवल्या ही एकच जात नव्हे, ते एक कुळ आहे. दक्षिण भारत व श्रीलंका यांखेरीज जगात अन्यत्र ते आढळत नाही. यातील पुष्कळ जाती हातभरही लांब नसतात. शेपटीचे टोक तिरपे तोडल्यासारखे असून त्यावर खरखरीत ढाल असते. फुटक्या खापराचीच आठवण व्हावी!

या सापाला ना पाय, ना नखे. मग तो बीळ खणतो तरी कसा? त्याचे डोके निमुळते व कवटी घट्ट असते. प्रथम त्वचेच्या आतल्या आत पाठीचा कणा नागमोडी दुमडतो. त्यामुळे अंगाचा पुढील भाग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट टेकतो. मग कणा सरळ होतो आणि डोके पाचरीसारखे पुढे घुसते. मागे शेपटीच्या ढालीवर माती चिकटून बसते, आणि तीच बिळाचे बूच होते. पाठलाग करणाऱ्या शत्रूच्या तोंडी प्रथम मातीच यावी, अशी ही व्यवस्था आहे.

गांडुळे हे त्याचे अन्न. तो अंडी घालीत नाही. पिल्लांना जन्म देतो. तो बिनविषारी असून, हाती धरला तरी सहसा चावत नाही.

जमिनीखाली दडून राहिल्याने या कुळाची ओळख माणसाला सावकाश झाली. त्यातील एका जातीला १८८८ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या फिप्सन यांचे नाव मिळाले. दक्षिण महाराष्ट्र व गोवा या भागांतील एक काळा, चकचकीत साप तर दीर्घकाळ दुसऱ्याच जातीचा समजला जात असे. २०१६ साली तो स्वतंत्र ठरला आणि पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. गंमत अशी, की खापरखवल्यांच्याच कुळातील असूनही याच्या शेपटीला ढाल नाही!

पावसाळ्यात हे साप वर येतात. तेव्हा घाटरस्त्यांवर ते चाकांखाली सापडतात, अथवा विषारी समजून ठेचले जातात. पण याहून मोठे संकट जंगलतोडीचे आहे. झाडांची सावली गेली म्हणजे जमीन सुकून कठीण होते. तीत ही पाचर शिरत नाही, आणि गांडुळेही उरत नाहीत.