पट्ट्यामागची चाकं

जुन्या पिठाच्या गिरणीत नंबर लागेपर्यंत बघत बसावं अशी एक गोष्ट असे: मोटरपासून जात्यापर्यंत धावणारा रुंद, सपाट पट्टा. त्याचा सांधा पुलीवर आला की ‘पटक्’ असा आवाज व्हायचा. पट्टा मधेच हेलकावे खायचा, पण पुलीवरून कधी उतरायचा नाही. पुलीला ना काठ, ना खाच. मग तो जागेवर राहायचा कसा? घरच्या घरी बेल्ट ग्राइंडर बांधायला घेतला की हाच प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि या वेळी उत्तर शोधल्यावाचून सुटका नसते.

बेल्ट ग्राइंडर म्हणजे चाकांवरून फिरणारा पॉलिश पेपरचा पट्टा. सुऱ्या घडवणाऱ्या हौशी कारागिरांमध्ये ‘दोन बाय बहात्तर’ इंच हे माप रुळलेलं आहे. म्हणजे सुमारे 50 मिलिमीटर रुंद आणि 1830 मिलिमीटर लांब. चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून सांगाडा कुणीही उभा करतो. मोटर दुकानात मिळते. यंत्र चांगलं निघणार की थरथरणार, हे चाकं ठरवतात. प्रत्येक चाकाचं काम वेगळं, त्यामुळे त्याची निवडही वेगळी.

पहिलं चाक मोटरच्या शाफ्टवरचं, पट्टा ओढणारं. पट्ट्याचा वेग त्याच्या व्यासावर ठरतो. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे 2880 फेरे घेते, चार पोलची 1440. पहिलीवर 100 मिलिमीटरचं चाक बसवलं तर पट्टा मिनिटाला 905 मीटर धावतो, ताशी 54 किलोमीटर. दुसरीवर तोच वेग हवा तर चाक 200 मिलिमीटरचं लागतं. लोखंड भराभर उतरवायला हा वेग बरा. पण पाणी दिलेल्या सुरीची धार या वेगात बघता बघता निळी पडते, म्हणजे तिचं पाणी उतरतं. म्हणून पुष्कळजण मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावून वेग हाताशी ठेवतात. या चाकाला शाफ्टच्या मापाचं भोक आणि चावीची खाच हवीच. एक हॉर्सपॉवरच्या मोटरचा शाफ्ट बहुधा 19 मिलिमीटरचा असतो, दोनच्या मोटरचा 24. नुसत्या ग्रब स्क्रूच्या भरवशावर राहिलं तर चाक आज ना उद्या शाफ्टवर घसरतं.

दुसरं चाक वरचं, पट्ट्याला मार्गावर ठेवणारं. गिरणीच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. या चाकाचा मधला भाग किंचित फुगीर असतो, दोन्ही कडा उतरत्या. सपाट पट्टा उताराकडे घसरेल असं वाटतं, घडतं उलटंच. कडेकडे सरकलेला पट्टा उतारावर टेकला की आडवा किंचित वाकतो, त्याची पुढची लांबी उंचवट्याच्या दिशेने येते, आणि फिरता फिरता तो वर चढून मध्यावर बसतो. हा फुगवटा एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेर पुरतो. जास्त दिला तर पट्टा मधोमध ताणला जातो आणि कडा सैल पडतात. चाक डावी-उजवीकडे कलवायला एक स्क्रू दिला की पट्टा हवा तिथे आणता येतो.

तिसरी जोडी पट्ट्याला मागून टेकू देणाऱ्या समोरच्या सपाट पट्टीच्या वर-खाली. ही चाकं पूर्ण सपाटच हवीत, कारण इथे फुगवटा आला तर सुरीवरही तो उमटतो. ती लहान असतात म्हणून त्यांच्यावर ताणही जास्त. वरच्याच हिशेबाने 50 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 5760 फेरे घेतं. स्केटिंगचं किंवा ट्रॉलीचं चाक स्वस्तात मिळतं, पण ट्रॉलीचं चाक ओझं वाहायला बनवलेलं, एवढ्या वेगासाठी नव्हे. तापलं की त्याचा मऊ थर सुटू लागतो.

चौथं चाक रबर चढवलेलं, ज्यावर प्रत्यक्ष घासायचं. ते केवढं घ्यावं? वीस मिलिमीटर रुंदीचा उतार 250 मिलिमीटरच्या चाकावर काढला तर पात्यात 0.4 मिलिमीटर खोलगट भाग पडतो. 100 मिलिमीटरच्या चाकावर पूर्ण एक मिलिमीटर. भाजीची सुरी आणि दाढीचा वस्तरा यांची पोटं वेगळी का, ते या आकड्यांत दिसतं. रबर कडक असेल तर लोखंड लवकर कापलं जातं, मऊ असेल तर गोलाईवर हात छान फिरतो.

उरला प्रश्न चाक कशाचं करावं याचा. अ‍ॅल्युमिनियम हलकं, लेथवर सहज उतरणारं, उष्णता ओढून घेणारं. बहुतेकांची निवड तीच. नायलॉन स्वस्त, पण हवेतला ओलावा पितो, आणि पावसाळ्यात बेअरिंगची बैठक बदलते. प्लायवूडचे थर चिकटवून केलेलं चाक सुरुवातीला चालून जातं. एमडीएफ ओल लागली की फुगतं.

टर्नरकडे गेलात की एकच गोष्ट बजावा: बेअरिंगचं घर आणि बाहेरची गोलाई एकाच पकडीत काढा. जॉब चकमधून काढून उलटा धरला की दोन्हींचे मध्य जुळतीलच याची खात्री राहत नाही. बेअरिंग दोन घ्या, धूळ आत जाऊ नये म्हणून रबर सीलची, आणि दोघींच्या आतल्या कड्यांमध्ये नेमक्या मापाचा स्पेसर घाला. माझ्या पहिल्या ग्राइंडरमध्ये तो नव्हता. मी बोल्ट आवळला तशा आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या गेल्या, आणि दोन आठवड्यांत बेअरिंग किरकिरू लागल्या.

चाक नीट मध्यावर फिरतं का हे बघायला डायल गेज नसेल तर खडूचा तुकडा पुरतो. पट्टा न चढवता चाक हाताने फिरवा आणि स्टँडवर टेकवलेला खडू हळूहळू कडेपाशी आणा. एकाच जागी पांढरा ठिपका उठला तर ते चाक आऊट मारतंय. पुन्हा लेथवर न्या. पूर्ण घेरभर रेघ उमटली की खुशाल पट्टा चढवा.