तिकीट तुमचं, भाव संघाचा

न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा अमेरिकी फुटबॉलमधला बलाढ्य संघ. त्याच्या सामन्यांची तिकिटं स्टबहब या कंपनीच्या संकेतस्थळावर कुणी विकली, कुणी घेतली आणि कुणी तसा प्रयत्न केला, ती नावं संघाच्या हवाली करा, असा आदेश 2007 साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यायालयाने दिला. यादी निघाली सुमारे 13 हजार जणांची. म्हणजे ज्यांच्या पैशांवर संघ चालतो, त्या प्रेक्षकांचीच यादी संघाने कोर्टात भांडून मिळवली.

मॅसॅच्युसेट्स राज्यात 1924 पासून एक कायदा आहे. तिकीट पुन्हा विकायचं तर छापील किमतीवर फक्त दोन डॉलर आणि सेवाशुल्क, एवढंच घेता येतं. पण पेट्रियट्सचा आक्षेप त्याहून मोठा होता. तिकीट म्हणजे मैदानात येण्याची परवानगी, ती आम्ही देतो आणि आम्हीच काढून घेऊ शकतो, असं संघाचं म्हणणं. सीझन तिकीट परस्पर विकणाऱ्याचं तिकीट कायमचं रद्द करण्याचा हक्कही संघाने स्वतःकडे ठेवला होता.

प्रेक्षक तिकीट विकतो तरी का? बेसबॉलचा हिशेब पाहिला की उत्तर मिळतं. प्रत्येक संघ हंगामात 162 सामने खेळतो, त्यांतले 81 घरच्या मैदानावर. नोकरीधंदा आणि मुलांच्या शाळा सांभाळून एप्रिल ते सप्टेंबर 81 वेळा मैदान गाठणारा माणूस विरळाच. संघाला मात्र पूर्ण हंगामाचे पैसे आगाऊ हवे असतात. पाऊस पडो, संघ हरो, पैसे जमा झालेले असतात. ही जोखीम सीझन तिकीटवाला उचलतो आणि न जमणाऱ्या सामन्यांची तिकिटं विकून थोडी हलकी करतो. फेरविक्रीची सोय नसती, तर सीझन तिकीट काढण्याआधी अनेकांनी दहादा विचार केला असता.

स्टबहब 2000 साली निघाली ती नेमकी ही गरज ओळखून. पूर्वी स्टेडियमबाहेर हळू आवाजात चालणारा व्यवहार तिने घराघरांतल्या संगणकावर आणला. तिची जुनी दलाली साधारण अशी होती: 100 डॉलरला लावलेलं तिकीट घेणाऱ्याला 110 ला पडायचं, विकणाऱ्याच्या हाती 85 यायचे आणि मधले 25 कंपनीचे. खुर्ची संघाची, खेळाडू संघाचे, आणि दुसऱ्या विक्रीतला एक डॉलरही संघाला नाही! मालकांना हे झोंबणं साहजिक होतं.

बेसबॉलच्या शिकागो कब्ज संघाची मालकी तेव्हा ट्रिब्यून कंपनीकडे होती. तिने 2002 साली रिगली फील्ड मैदानाजवळ तिकीट-दलालीचं स्वतःचंच दुकान काढलं. कब्जची तिकिटं तिथे छापील किमतीहून चढ्या भावाने विकली जायची. चाहते कोर्टात गेले. दोन्ही कंपन्या कायद्याने वेगळ्या आहेत, असं मानून 2003 मध्ये न्यायाधीशांनी संघाच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने दोघांना वेगळं मानलं, तरी पैसा शेवटी एकाच घरात जात होता.

बेसबॉलच्या मेजर लीगने 2007 मध्ये थेट स्टबहबशीच करार केला. काल ज्याला दलाल म्हणून हिणवलं, तो आज अधिकृत भागीदार झाला.

इथवर गोष्ट हावेची वाटते. तिची खरी मेख न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या प्रकरणात दिसते. यांकीजनी 2009 साली नवं स्टेडियम उघडलं. पहिल्या रांगेतल्या काही खुर्च्यांचा दर एका सामन्याला 2,500 डॉलर होता. त्या रिकाम्या राहू लागल्या, टीव्हीवर साऱ्या देशाला दिसू लागल्या, आणि पहिल्याच महिन्यात तो दर निम्म्यावर आणावा लागला. इतर जागांची तिकिटं स्टबहबवर छापील किमतीच्या किती तरी खाली मिळत होती. आठवड्यातल्या साध्या सामन्याला काही डॉलरांत आत जाता येत असेल, तर खिडकीवर पूर्ण पैसे कोण मोजेल? 2012 च्या अखेरीस यांकीज लीगच्या स्टबहबशी झालेल्या करारातून बाहेर पडले आणि त्यांनी टिकेटमास्टर या तिकीट कंपनीबरोबर स्वतःचा फेरविक्रीचा मंच उभा केला. त्यावर ठरावीक किमतीच्या खाली तिकीट विकायला बंदी होती.

आता त्या विकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पाऊस येणार आहे, समोरचा संघ कमकुवत आहे, सामना चार तासांवर आलाय. दहा डॉलरला गिऱ्हाईक उभं आहे, पण मंच त्या भावाला विकू देत नाही. खुर्ची रिकामी राहते, प्रेक्षक घरी बसतो आणि सीझन तिकीटवाल्याचे पैसे बुडतात. फायदा एकाचाच, स्वस्त तिकिटाची स्पर्धा नको असलेल्या संघाचा.

2016 मध्ये यांकीजनी घरी छापलेली तिकिटं घेणंही बंद केलं. कारण दिलं बनावट तिकिटांचं. ती अडचण खरी होती. पण त्याच सुमाराला संघाच्या एका बड्या अधिकाऱ्याने रेडिओवर जे सांगितलं, त्याचा आशय असा: भरमसाट पैसे देऊन प्रीमियम जागा घेतलेल्या माणसाच्या शेजारी कमी पैशांत तिकीट मिळवलेला, कदाचित अशा जागी कधीही न बसलेला माणूस येऊन बसला, तर ते खटकतं. यावर गदारोळ उठला आणि तो रास्तच होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या अहवालाने किमान भावाच्या सक्तीवर बोट ठेवलं, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकी फुटबॉल लीगने आपली सर्व संघांवरची ही सक्ती सोडली. यांकीज आणि स्टबहब यांचीही त्याच वर्षी दिलजमाई झाली.

भाव चढला की संघ ‘चाहत्यांची लूट’ म्हणून ओरडतात. भाव उतरला की त्यांना ‘बनावट तिकिटं’ आठवतात. दोन्ही वेळा त्यांना हवा असतो तो ताबा, आणि तंत्रज्ञानाने तो आता दिलाही आहे. मोबाइलवरच्या नव्या तिकिटाचा बारकोड काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट कामाचा नाही. नकली तिकिटांना याने खरोखर आळा बसतो. पण तिकीट भावाला, शेजाऱ्याला द्यायचं तरी त्याच ॲपमधून द्यावं लागतं आणि कोणत्या खुर्चीवर कोण बसलं, ही नोंद संघाकडे जाते. 2007 मध्ये त्यासाठी पेट्रियट्सना कोर्टाचा आदेश मिळवावा लागला होता.

तिकिटांच्या ताब्यावरून आपल्याकडे तर एक अख्खं स्टेडियम उभं राहिलं. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. तिथल्या सामन्यांची किती तिकिटं आपल्या वाट्याला यावीत, यावरून मुंबई क्रिकेट संघटनेचा क्लबशी वाद पेटला. अखेर बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने जवळच नवं स्टेडियम बांधलं गेलं आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. तिकिटांचा काळाबाजार मात्र आजही चालूच आहे. 2023 च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवरच्या भारत–दक्षिण आफ्रिका सामन्याच्या वेळी कोलकाता पोलिसांनी ब्लॅकवाल्यांना अटक केलीच, शिवाय बंगालच्या क्रिकेट संघटनेकडे आणि बुकमायशोकडेही विचारणा केली.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे 1994 च्या कायद्याने फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा गुन्हा ठरला. कारण सुरक्षेचं होतं: दोन संघांचे पाठीराखे वेगळे बसवायचे, तर कुठलं तिकीट कुणाच्या हाती गेलं हे कळायला हवं. पण क्लब बंदीवर थांबले नाहीत. अनेक क्लबांनी स्वतःच्या मंचावर सोय केली. सीझन तिकीटवाला न जमणाऱ्या सामन्याचं तिकीट परत करतो, दुसरा चाहता ते ठरलेल्या दराने घेतो. लिलाव होत नाही आणि खुर्चीही रिकामी राहत नाही.

फिफाने 2026 च्या विश्वचषकासाठी मात्र उलट केलं. तिच्या अधिकृत फेरविक्री मंचावर विकणाऱ्याकडून 15 टक्के आणि घेणाऱ्याकडूनही 15 टक्के कापले जातात. अमेरिकेतल्या विक्रीला तिने किमतीची मर्यादाच घातली नाही, म्हणजे भाव जितका चढेल तितकी फिफाची कमाई. याच स्पर्धेत मेक्सिकोसाठी नियम वेगळा आहे: मूळ किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही.